काकांच्या दारात दुधाच्या चार पिशव्या

नमस्कार मंडळी! कोथरूडला आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक काका एकटेच राहतात. मुलगी परदेशात. सकाळी दाराला दुधाची अर्ध्या लिटरची एक पिशवी लटकलेली असायची. एकदा चार दिसल्या. वाटलं, पाहुणे असतील. महिना झाला तरी चारच. फोन केला की भलताच आवाज, "काका झोपलेत." सकाळी अकराला? जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "पोरं चांगली आहेत रे, औषधं आणून देतात." पण बोलताना नजर सारखी वर, दाराकडे.

ब्रिटनमध्ये याला 'ककूइंग' म्हणतात. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते ना, तसंच. तिथे ड्रग्ज विकणाऱ्या टोळ्या एकट्यादुकट्या, आजारी किंवा व्यसनात अडकलेल्या माणसाशी आधी गोड बोलतात, उसने पैसे देतात, आणि मग त्याच्याच घरातून धंदा चालवतात. कुलूप कुणी फोडत नाही. म्हणून तर तो तक्रारीला जात नाही. आत आपणच घेतलं ना! वर भीती, की धाड पडली तर आपणही आत.

आपल्याकडे हीच घुसखोरी कधी केअरटेकर बनून येते, कधी भाडेकरू, कधी लांबचा भाचा. खोली देताय? लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी घरमालकावरच टाकलीय. केअरटेकर म्हणाला, "इतकी वर्षं राहिलो, घर माझं", तर दचकू नका. नोकर किंवा राखणदार कितीही वर्षं राहिला तरी त्याला मालकी मिळत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१२ साली सांगितलंय. आणि बक्षीसपत्र करायचंच असेल तर 'सांभाळ करायचा' ही अट त्यात लिहून घ्या. ती मोडली, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. (वकिलाची फी वाचवायला लोक ही एक ओळ गाळतात, काय बोलणार!)

शेजाऱ्यांनो, त्या पोरांसमोर काही विचारू नका. माणसाला एकटं गाठा. ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन आहे १४५६७, आणि धोका दिसला तर सरळ ११२.

मी काकांना पेन्शनच्या दिवशी बँकेत गाठलं. एवढंच विचारलं, "काका, घराची किल्ली कुठंय?"

त्यांनी दोन्ही खिसे चाचपले. मग म्हणाले, "मी बेल वाजवतो. ते उघडतात."

११२ मी तिथूनच लावला.