'आलोच' म्हणणाऱ्यांसाठी ऑफिसातलं इंग्लिश

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते पुढच्या गोष्टी इंग्लिशमधे कशा सांगायच्या यावर, म्हणजे कामाच्या ठिकाणी, साहेबाला, कस्टमरला, बाहेरच्या पार्टीला. तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, विल लावलं की झालं. शाळेत तेवढंच पाठ करून घेतलंय ना, शॅल आणि विल, आणि आपली गाडी तिथंच अडकलीये.

मुळात आपली मराठी या बाबतीत लई मोकळीढाकळी. माणूस सांगलीत विश्रामबागेत घरी चहा पीत बसलेला असतो आणि फोनवर सांगतो 'आलोच ओ, पुष्पराज चौकात आहे'. अजून चप्पल पायात नाही आणि क्रियापद भूतकाळात! 'उद्या पाठवतो' हे वर्तमानात, 'बघू' म्हणजे बहुतेक नाहीच. आपल्यात हे सगळं न सांगता कळतं. इंग्लिशमधे मात्र समोरचा तुमच्या वाक्यावरनंच अंदाज बांधतो की हे पक्कं ठरलंय का आत्ता तोंडाला आलं म्हणून बोलले.

तर बघा, मीटिंग चालूये, साहेब विचारतात ड्रॉइंग कोण पाठवतंय, तुम्ही तिथल्या तिथं म्हणालात मी पाठवतो, तर 'आय विल सेंड इट'. आत्ता ठरलं, शब्द दिला. पण नवीन मशीन घ्यायचं आधीच ठरलंय तर 'वी आर गोइंग टू बाय अ न्यू मशीन'. आणि दुसऱ्या माणसाशी दिवस-वेळ ठरलीये तर सरळ 'आय ॲम मीटिंग द ऑडिटर ऑन ट्यूझडे'. टाइमटेबलवाल्या गोष्टीला साधा वर्तमान, 'द ट्रेन लीव्ज ॲट टेन'. हे काय अगदी दगडावरची रेघ नव्हे, दोन्ही चालतील अशा जागा भरपूर आहेत, त्यामुळं बोलता बोलता अडून बसू नका. पण 'आय विल मीट द ऑडिटर' एवढंच म्हटलं तर भेट अजून ठरायचीये असं वाटू शकतं.

खरा घोळ होतो तो तारखेत. आता तासगाव, पलूस, मिरज भागातला द्राक्षाचा एक्सपोर्ट घ्या. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, तिथनं साधारण चार महिन्यांनी माल, जानेवारीनंतर नुसती धावपळ, आणि युरोपचा खरेदीदार आधीपासनं विचारतोय कधी देणार. आपला माणूस लिहितो 'वी विल सेंड द ग्रेप्स टिल फिफ्टीन्थ फेब्रुवारी'. ह्याच्या मनात, पंधरापर्यंत माल निघेल. तिकडचा वाचतो, हे पंधरापर्यंत पाठवत राहणार आणि मग बंद. त्यानं दुसरी पार्टी शोधायला घेतली तर त्याचा काय दोष सांगा. इथं 'बाय फिफ्टीन्थ फेब्रुवारी' पाहिजे. काम त्या तारखेच्या आत उरकणार असेल तर बाय, त्या तारखेपर्यंत चालूच राहणार असेल तर टिल. आपण दोन्हीला पर्यंतच म्हणतो म्हणून हे भल्याभल्यांकडनं होतं, चांगल्या शिकलेल्या लोकांच्या मेलमधे पण दिसतं.

तसंच 'व्हेन द कंटेनर विल अराइव्ह, आय विल इन्फॉर्म यू'. यात पहिलं विल काढून टाका. 'व्हेन द कंटेनर अराइव्ह्ज, आय विल इन्फॉर्म यू'. इफचं पण तेच, 'इफ इट रेन्स, द हार्वेस्ट विल बी डिलेड'. आपण तरी कुठं 'पाऊस येईल तर' म्हणतो, 'पाऊस आला तर' असंच म्हणतो की.

आणि ते 'बाय एंड ऑफ डे' लिहिताना कुणाचा दिवस ते पण लिहा बाबांनो. हिवाळ्यात नेदरलँड्स आपल्या साडेचार तास मागं असतं, आपले दुपारचे साडेतीन म्हणजे तिकडं सकाळचे अकरा, तुमची शटर ओढायची वेळ होते तेव्हा त्याचं जेवण झालेलं असतं नुसतं. तारीख पण आकड्यात नको, 5/3 म्हणजे आपल्याला पाच मार्च आणि अमेरिकेतल्या माणसाला तीन मे. महिन्याचं नाव लिहायला काय जातंय.

राहिलं उशीर होणार असेल तर काय बोलायचं. कुपवाडच्या एमआयडीसीत डिस्पॅच बघणाऱ्या पोरांना हे रोज लागतं आणि बहुतेक जण तिथंच गप्प बसतात, नाहीतर 'आय विल ट्राय' म्हणून फोन ठेवतात. त्या ट्रायवर कस्टमर काय प्लॅन करणार, त्याला तारीख पाहिजे. सरळ सांगा, 'आय ॲम अफ्रेड वी वोन्ट बी एबल टू डिस्पॅच बाय फ्रायडे. वी आर नाऊ प्लॅनिंग फॉर मंडे. आय विल कन्फर्म बाय टुमारो इव्हनिंग'. तीन छोटी वाक्यं, काय होणार नाही, कधी होईल, पक्कं कधी कळवणार. ते 'आय ॲम अफ्रेड' म्हणजे इथं सॉरीच, पहिल्या वाक्यात एकदा आलं की बास, प्रत्येक ओळीत नको. आणि हा फोन गुरुवारी सकाळी करायचा, शुक्रवारी संध्याकाळी त्याचा आल्यावर नव्हे.