अक्काला किती भाषा येतात?

(दृश्य: बालेवाडी, पहाटेचे साडेपाच. अर्धवट इमारतीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग. नळापाशी हंडे, बादल्या, रंगाचे रिकामे डबे.)

"नीरु बंतु!"

पाणी आल्याची पहिली हाक कन्नडमध्ये. ती विजापूरकडच्या दोन शेजारणींसाठी. लगेच दुसरी, "ओ भाभी, पानी आ गया!" ती पलीकडच्या रांगेतल्या बिहारी कुटुंबासाठी. मग नळाशेजारी कॅमेरा धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून, "ताई, सरका जरा, भिजाल." आणि चौथी हाक खोलीच्या दिशेनं, अजून झोपलेल्या मुलीला. ती गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या लमाणी बोलीत, आणि चारही हाकांत तीच जरा चिडकी.

चारही हाका एकाच बाईच्या. एक हंडा भरेपर्यंतच्या.

तिला इथे सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. विजापूर जिल्ह्यातल्या एका तांड्यावरून ती नवऱ्याबरोबर पुण्यात बांधकामावर आली. माझी पीएच.डी. बांधकाम मजुरांच्या कुटुंबांमधल्या बहुभाषिकतेवर आहे. सिनॉप्सिसच्या शीर्षकात मी 'सामाजिक दृष्टिकोनातून' असं लिहिलं होतं. माणूस कोणती भाषा कुणापुढे बोलतो, आणि कुणापुढे गिळून टाकतो, हे मला बघायचं होतं.

(दृश्य: प्रश्नावलीचा कागद. चौथ्या प्रश्नावर बोट.)

पहिल्या भेटीत मी छापील प्रश्नावली घेऊन गेले होते. चौथा प्रश्न होता, "आपल्याला कोणकोणत्या भाषा येतात?" अक्कानं मान हलवली. "मला कुठली येतीय भाषा? शाळेतच गेले न्हाई मी." मी रकान्यात लिहिलं, 'मराठी, थोडी', आणि पुढच्या खोलीकडे गेले.

तो कागद बघून माझ्या गाईड एवढंच म्हणाल्या, "ही बाई लेकराला झोपवते कोणत्या भाषेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि तसे चाळीस कागद भरून झाले होते.

ते चाळीस कागद मी बाजूला ठेवले आणि प्रश्न बदलला. "काल सकाळपासून तुम्ही कुणाकुणाशी बोललात?" आता अक्का बोटं मोजायला लागली. मुकादम तिच्याच तांड्याकडचा, त्याच्याशी गोरमाटी. पण साइटवरचे साहेब शेजारी असले, तर त्याच मुकादमाशी मराठी, कारण आपसात आपल्या भाषेत बोललं की साहेबांना वाटतं शिव्या देताहेत. वॉचमनशी हिंदी. किराणावाल्याशी हिंदीत सुरुवात, आणि उधारी मागायची असली की मराठी. शेजारणींशी कन्नड. आणि घरात?

"घरात कुठली भाषा? घरात आमचं बोलणं."

भाषा आणि बोलणं. हा फरक तिनं केला आणि माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिथेच उभं राहिलं. जिला पुस्तक आहे, शाळा आहे, पाटी आहे, ती भाषा. तांड्यावर, चुलीपाशी, भांडणात आणि अंगाईत जे असतं, ते नुसतं बोलणं. ते कुणी विचारत नाही, म्हणून कुणी सांगतही नाही. खरं तर १९७० साली लमाणीचं अख्खं व्याकरण पुस्तकरूपानं छापून निघालं आहे. मी अक्काला ते दाखवलं. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे इंग्लिशात का?"

(दृश्य: जनगणनेच्या तक्त्यांची पानं, वरून खाली सरकणारी.)

सरकारदरबारी तरी वेगळं काय आहे? २०११च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं होती १९,५६९. छाननीनंतर त्यातल्या १,३६९ मातृभाषा धरल्या गेल्या आणि त्यांची गटवारी होऊन शेवटी १२१ भाषा उरल्या. इतक्या मोठ्या देशात गटवारी करावी लागते, हे मला मान्य आहे. पण ती कशी होते ते बघा. लमाणी किंवा लंबाडी सांगणारे ३२ लाखांहून जास्त लोक हिंदीखाली मोजले गेले. आपल्या पुण्यात वडारवाडी आहे. तिथल्या वडारींची वडारी तेलुगूखाली जाते आणि कैकाड्यांची कैकाडी तमिळखाली. वडारी आणि कैकाडीचं त्या भाषांशी जवळचं नातं आहे, एवढं तरी म्हणता येतं. गोरमाटीचं नातं मात्र राजस्थानी बोलींशी. अक्का हिंदी शिकली ती इथे बालेवाडीत, वॉचमनकडून. कागदावर तीच तिच्या आईची भाषा ठरते.

अजून एक गोष्ट. जनगणनेचा फॉर्म मातृभाषेशिवाय आणखी फक्त दोन भाषा विचारतो. त्या उत्तरांवरून आपण म्हणतो की देशातले साधारण २६ टक्के लोक दोन भाषा जाणतात आणि ७ टक्के लोक तीन. अक्काला गोरमाटीशिवाय तीन येतात. चौथीला फॉर्मवर जागाच नाही.

(दृश्य: येरवडा. डेक्कन कॉलेजची दगडी इमारत, झाडांमधून.)

हा विषय पुण्याला नवा नाही. १९५०च्या दशकात डेक्कन कॉलेजमध्ये भाषाविज्ञानाच्या उन्हाळी शाळा भरायच्या, आणि देशभरातले तरुण अभ्यासक तिथे घडले. पुढे १९७१ साली जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड या गावातल्या भाषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुभाषिकतेवर काम करणाऱ्या जगातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला कुपवाड टळत नाही. तिथे जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, दलित घरांत मराठी. शेकडो वर्षं शेजारी राहून या भाषांचं व्याकरण जवळजवळ एक झालं, शब्द मात्र वेगळे राहिले. मराठीत "पाला जरा कापून घेऊन आलो", तर तिथल्या उर्दूत "पाला जरा काट के ले के आया". एकाखाली एक लिहून बघा, तुकड्याला तुकडा बसतो.

मग शब्द तरी वेगळे का राहिले? घरात आपलंच बोलायचं, हा रिवाज कुणी मोडला नाही म्हणून. चौकात मराठी, उंबऱ्याच्या आत आपली. आपल्या मराठीनंही कन्नडकडून तूप घेतलं, अडकित्ता घेतला, आणि हो, अक्काही घेतली. आपण आणि आम्ही हा फरकसुद्धा द्राविडी शेजाराचा मानला जातो. समोरच्याला धरून 'आपण', वगळून 'आम्ही'. प्रमाण हिंदीत दोन्हीला एकच 'हम'.

भाषाशास्त्रज्ञ प्रबोध पंडित यांनी मुंबईतल्या एका गुजराती मसाला व्यापाऱ्याचं उदाहरण दिलं होतं. घरी गुजराती, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदी, धंद्यात कच्छी आणि कोकणी. त्यांचं म्हणणं असं, की भारतात माणूस दुसऱ्या मुलखात गेला तरी आपली भाषा टाकत नाही. टिकवणं हाच इथला नियम. मी ते वाचलं तेव्हा मला फार धीर आला होता. आता वाटतं, त्या व्यापाऱ्याच्या गुजरातीला वर्तमानपत्र होतं, शाळा होती, दुकानावर पाटी होती. अक्काजवळ पाटीही नाही आणि पक्की खोलीही नाही. स्लॅब ओतून काम संपलं की पत्रे उचलायचे.

(दृश्य: अक्काची मुलगी गणवेशात, वेणी घालून घेते आहे.)

मुलगी आठ वर्षांची. महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत. वेणी घालताना आई गोरमाटीत बोलते आणि मुलगी मराठीत उत्तर देते. अशी अकरा मिनिटं माझ्याकडे रेकॉर्ड आहेत. आई एकदाही मराठीत येत नाही, मुलगी एकदाही गोरमाटीत जात नाही, आणि दोघींचं काही अडत नाही. कंगवा अडकला तेव्हा मात्र मुलगी ओरडली, "याडी!" आई म्हणून हाक मारायचा तेवढा एक शब्द गोरमाटीत उरला होता.

मागच्या पावसाळ्यात अक्काला ताप होता. दवाखान्यात मी बरोबर होते. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "काय होतंय?" अक्काला मराठी येते, मी रोज ऐकते. पण काचेपलीकडच्या माणसापुढे तिचा शब्द फुटेना. मुलगी टाचा उंचावून खिडकीशी गेली आणि आईचा ताप, अंगदुखी, आणि लहान पोरीनं सांगू नये असा एक त्रास, सगळं चोख मराठीत सांगून आली. मागे रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "किती हुशार आहे." अक्का खाली बघत होती.

हे मी त्या दिवशी लिहून काढलं. प्रबंधात कुठे घालायचं, अजून ठरलेलं नाही.

(दृश्य: संध्याकाळ. खोलीबाहेर चूल. रेकॉर्डर विटेवर ठेवलेला.)

रेकॉर्डर ठेवला की पहिली दहा मिनिटं सगळे शुद्ध मराठी बोलतात. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञानं ही अडचण फार पूर्वी सांगून ठेवली आहे: माणसं आपण बघत नसताना कशी बोलतात ते हवं असतं, आणि ते बघितल्याशिवाय मिळत नाही. मी भाकरी थापायला बसले. माझी भाकरी तव्यावर तुटली, अक्का हसली, आणि शेजारणीला माझ्याबद्दल काहीतरी कन्नडमध्ये म्हणाली. त्या दिवसापासून रेकॉर्डर कुणाला दिसेनासा झाला.

आता २०२७ची जनगणना आहे. मी अक्काला सांगितलं, दारावर माणूस येईल, मातृभाषा विचारेल. म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. "तेव्हा तुमचं बोलणं सांगायचं. गोरमाटी."

ती विचारात पडली. "आणि मग पोरीला मराठी शाळेतनं काढलं तर?"

नाही काढणार, मी म्हणाले. त्याचा शाळेशी संबंध नाही.

"नक्की?"

"नक्की."

तिनं हंडा उचलला, चुंबळ डोक्यावर नीट केली. "बघते," म्हणाली. "आधी नवऱ्याला विचारते." आणि खोलीच्या दिशेनं मुलीला हाक मारली. या वेळी मराठीत.