काटोलची न झालेली पोटनिवडणूक

(दृश्य : काटोल-नरखेड रस्ता, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा)

11 एप्रिल 2019. लोकसभेचा पहिला टप्पा. नागपूर जिल्ह्यातली काटोल विधानसभा रामटेक लोकसभेत येते, म्हणून त्या दिवशी इथल्या मतदान केंद्रांवर लोकसभेचं मतदान झालं. त्याच दिवशी विधानसभेच्या पोटनिवडणुकीचंही व्हायचं होतं. अशा वेळी दोन मशिनी लागतात. लोकसभेच्या मशीनवर पांढरा कागद, विधानसभेच्या मशीनवर गुलाबी, म्हणजे मतदाराचा घोळ होत नाही. काटोलच्या मशीनवर गुलाबी कागद लागलाच नाही.

2014 मध्ये भाजपचे आशिष देशमुख इथून आमदार झाले, तेही काका अनिल देशमुखांना पाडून. पुढं स्वतःच्याच पक्षाशी त्यांचं फाटलं. वेगळा विदर्भ आणि शेतकऱ्यांचे प्रश्न पुढं करत ऑक्टोबर 2018 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. जागा रिकामी झाली.

विदर्भाला पोटनिवडणूक नवी नाही. 2013 मध्ये यवतमाळचे आमदार नीलेश पारवेकर अपघातात गेले, तेव्हा पाच महिन्यांत मतदान होऊन त्यांच्या पत्नी नंदिनी पारवेकर निवडून आल्या. काटोललाही तसंच होईल असं वाटायला हरकत नव्हती. निवडणूक आयोगानं तारीखही दिली. पण मार्चमध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं आणि पोटनिवडणूक तिथंच थांबली.

(दृश्य : वाळलेली बाग, झाडाभोवतीचं कोरडं आळं)

कायदा तसा दोन ओळींचा. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 151-अ सांगतं, जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत निवडणूक घ्या. मात्र त्या सदस्याची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल, तर हे बंधन नाही. आता हे वर्ष मोजायचं कुठून? राजीनाम्याच्या दिवसापासून मोजलं, तर विधानसभेची मुदत 9 नोव्हेंबर 2019 पर्यंत, म्हणजे वर्षाहून महिनाभर जास्त. निकालाच्या दिवसापासून मोजलं, तर 23 मे ते नोव्हेंबर, जेमतेम साडेपाच महिने. न्यायालयानं दुसरी मोजणी धरली.

ही मोजणी धरून हिशेब करून पाहा. नव्या आमदाराला पुरतं वर्ष मिळायला निकाल 2018 च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागायला हवा होता. राजीनामा ऑक्टोबरमधला. महिनाभरात अधिसूचना, अर्ज, माघार, प्रचार, मतदान, मोजणी? कोणत्या आयोगाला जमलं असतं? म्हणजे काटोलची पोटनिवडणूक राजीनाम्याच्या दिवशीच बुडाली होती, कळायला मार्च उजाडला.

साडेपाच महिन्यांच्या आमदारासाठी सरकारी तिजोरीतून खर्च कशाला, हे म्हणणं चूक नाही. पण ते साडेपाच महिने कोणते होते, तेही बघा. काटोल-नरखेडला तो दुष्काळाचा उन्हाळा होता. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची, फळं झाडावर आणि विहिरीनं तळ गाठलेला. ज्याच्या हाती पैसा होता त्यानं टँकर विकत घेतला आणि पाइप हातात धरून एकेका आळ्यात पाणी सोडलं. ज्याच्याकडं नव्हता, त्याच्या झाडांची आधी पानं मुरडली, मग फांद्या वाळल्या, मग कुऱ्हाड लागली. संत्र्याचं कलम लावल्यावर फळ हाती यायला पाच वर्षं जातात. आमदार असता तर पाऊस पडला नसता, हे खरं. पण टंचाईच्या बैठकीत अधिकाऱ्याला धारेवर धरणारं, विधानसभेत तातडीच्या प्रश्नावर लक्षवेधी सूचना लावणारं कुणीतरी असतं. जूनचं पावसाळी अधिवेशन काटोलच्या आमदाराविनाच पार पडलं.

ऑक्टोबर 2019 मध्ये नेहमीची निवडणूक झाली. अनिल देशमुख निवडून आले आणि राज्याचे गृहमंत्री झाले. वर्षभर आमदारच नसलेल्या तालुक्याला एकदम गृहमंत्री! आशिष देशमुख तेव्हा काँग्रेसकडून नागपुरात देवेंद्र फडणवीसांविरुद्ध लढले आणि हरले.

(दृश्य : अकोला शहर, जुन्या प्रचाराच्या पुसट भिंती)

पाच वर्षांनी हीच गोष्ट अकोला पश्चिममध्ये घडली. आमदार गोवर्धन शर्मा 3 नोव्हेंबर 2023 ला वारले. आयोगानं 26 एप्रिल 2024 ची तारीख दिली आणि नागपूर खंडपीठानं काटोलच्याच निकालाचा आधार घेऊन ती रद्द केली. त्याच सुमारास हरियाणात कर्नालची पोटनिवडणूकही कोर्टात गेली होती. तिथल्या उच्च न्यायालयानं ती अडवली नाही. मे महिन्यात मतदान झालं, मुख्यमंत्री नायबसिंग सैनी निवडून आले आणि पाच महिन्यांत तिथं पुन्हा निवडणूक लागली. कायदा तोच, कलमही तेच.

सध्याच्या विधानसभेची मुदत डिसेंबर 2029 पर्यंत आहे. 2028 च्या पावसाळ्यात विदर्भातली एखादी जागा रिकामी झाली, तर नागपूरच्या मोजणीप्रमाणे निकाल त्या वर्षीच्या डिसेंबरच्या आत लागायला हवा. नाही लागला, तर पुढचं वर्षभर त्या तालुक्यानं कामं घेऊन शेजारच्या मतदारसंघातल्या आमदाराच्या दारात उभं राहायचं.