डिझेल फिल्टर नेमका कधी बदलायचा?

नमस्कार, श्रोते हो. आज मला बोलायचंय ते ट्रकच्या चालक-मालकांशी. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत असाल, मार्केट यार्डात माल उतरायची वाट बघत असाल किंवा चाकणला कंपनीच्या गेटबाहेर रांगेत उभे असाल, तर दहा मिनिटं द्या.

डिझेल फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा, हे विचारलं की कुणी दहा हजार सांगतो, कुणी वीस, कुणी चाळीस. तिघंही आपापल्या गाडीपुरते बरोबर असू शकतात. जुन्या, यांत्रिक डिझेल पंपाच्या गाड्यांना साधारण १० ते २० हजारांचा हिशेब चालत आलाय. नव्या गाड्यांना, त्यातही लांब पल्ल्याच्या, कंपनी याहून बराच मोठा आकडा देते. म्हणून आधी आपल्या गाडीचं पुस्तक उघडा. पण तिथला मोठा आकडा वाचून लगेच मिटू नका. बहुतेक पुस्तकांत खडतर कामासाठी वेगळा, कमी आकडा दिलेला असतो. वाघोलीकडच्या खडी क्रशरवर चालणारा टिपर म्हणजे खडतर कामच. तिथली धूळ टाकीच्या झाकणातून, हवेच्या नळीतून आत जाते. काँक्रीटच्या मिक्सर गाड्यांचं तर किलोमीटरवर काही ठरवताच येत नाही. गाडी साइटवर उभी असते, मीटर हलत नाही, पण ड्रम फिरवायला इंजिन चालूच असतं. अशा गाडीचे तास मोजा.

माझं मत विचाराल तर पुस्तकातला आकडा ही वरची हद्द समजावी. त्याच्या आधी फिल्टर बदलायचा की नाही, ते खालच्या वाटीतलं पाणी सांगतं. टाकीकडून येताना लागणाऱ्या पहिल्या फिल्टरच्या (मुख्य फिल्टर त्याच्या पुढे असतो) तळाशी पाणी साचायची वाटी असते, तिला खाली स्क्रू असतो. सकाळी गाडी चालू करण्याआधी काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं डिझेल सोडा आणि दोन मिनिटं ठेवा. पाणी जड, ते खाली बसतं, मधली रेघ डोळ्यांना दिसते. दर आठवड्याला एवढं कराच, पावसाळ्यात रोज. तळाशी काळपट चिकट गाळ दिसला, तर डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जिवाणू वाढलेत असं समजा. मग नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल.

टाकीबद्दल एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पंप जेवढं डिझेल ओढतो, तेवढं सगळं इंजिनात जळत नाही. बराच भाग परतीच्या नळीने टाकीत येतो, पुन्हा ओढला जातो, पुन्हा फिल्टरमधून जातो. म्हणजे जळालेल्या डिझेलपेक्षा कितीतरी जास्त डिझेल फिल्टर गाळत असतो. शिवाय परत येणारं डिझेल गरम असतं. रात्री टाकी थंड झाली की रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ पत्र्यावर पाणी होऊन बसते. म्हणून गाडी लावताना टाकी भरलेली असावी, सकाळी भरू असं म्हणू नये. आणि पेट्रोल पंपावर टँकर खाली होत असेल, तर थोडं थांबा किंवा पुढच्या पंपावर जा. त्या वेळी जमिनीखालच्या टाकीतला गाळ ढवळलेला असतो. साइटवर बॅरलमधून, कॅनमधून डिझेल घेणाऱ्यांनी तर पुस्तकातला आकडा निम्मा धरावा. हा माझा अंदाज आहे, पण त्यात नुकसान नाही.

एवढी काळजी कशासाठी? पुण्यात २०१० पासून बीएस-४ (म्हणजे प्रदूषणाच्या सरकारी मानकाचं) डिझेल मिळू लागलं आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं. गंधक ५० पीपीएमवरून, म्हणजे दहा लाख भागांत ५० वरून, १० वर आलं. डिझेल सुधारलं, पण इंजिन फार नाजूक झालं. नव्या गाड्यांत सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी एक सामाईक नळी असते, तिला कॉमन रेल म्हणतात. तिच्यात १,६०० ते २,००० बारचा दाब असतो. ट्रकच्या टायरमध्ये साधारण आठ बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या आतल्या भागांतली फट अवघ्या दोन-चार मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायची. तिथे धुळीचा कण गेला की ओरखडा पडतो, पाणी गेलं की गंज चढतो. जुन्या पंपाची गाडी हे काही काळ सोसायची. नवी सोसत नाही, आणि एका इंजेक्टरच्या किमतीत कितीतरी फिल्टर येतात.

फिल्टर चोंदला की आधी चढावर कळतं. सपाटीला गाडी ठीक असते, पण भरलेली गाडी खंबाटकी घाटाला लागली की ओढत नाही, कारण पुरं डिझेल लागतं तिथेच.

आता उलट टोकाचं सांगतो. काही मालक हौसेनं दर महिन्याला फिल्टर बदलतात. फिल्टरमधला कागद थोडा वापरला गेला की उलट बारीक गाळतो, आणि दर वेळी उघडताना बाहेरची घाण आत जायचा धोका असतोच. धुऊन पुन्हा बसवणं मात्र कधीच नको. धुतलेल्या कागदावर भरवसा नाही. नाना पेठेत घेताना पक्कं बिल मागा, फार स्वस्त मिळतोय म्हणून उचलू नका.

बसवताना आधी आजूबाजूची धूळ पुसून घ्या. सीलला स्वच्छ डिझेल लावा, जुनं सील वर चिकटून राहिलेलं नाही ना ते बघा. मुख्य फिल्टर कॅनमधल्या डिझेलनं भरून बसवायची सवय सोडा, कारण मध्ये ओतलेलं ते डिझेल न गाळताच पुढे जातं. कोरडाच बसवा आणि डिझेलचा हातपंप मारून एअर, म्हणजे नळ्यांत अडकलेली हवा, काढा. सेल्फवर सेल्फ मारत बसू नका. आणि नव्या गाडीवर इंजिन चालू असताना रेलची किंवा इंजेक्टरची नळी कधीही ढिली करू नका. जुन्या गाडीवर मिस्त्री तशी एअर काढायचे, पण इथे डिझेलची सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. तसं झालं, तर जखम कितीही बारीक दिसो, घरी न जाता थेट दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांगा की आत डिझेल गेलंय.