जावास्क्रिप्टची नवी तारीख

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा, ब्राउझरचा कन्सोल, टाइप करणारी बोटं)

जावास्क्रिप्ट म्हणजे वेबपानांना चालतं-बोलतं करणारी प्रोग्रामिंग भाषा. तिला आपण एक तारीख दिली आहे, ३१ जानेवारी २०२५. आता तिला सांगितलं, दिवस तोच ठेव, महिना फेब्रुवारी कर. एंटर.

उत्तर आलं : ३ मार्च.

फेब्रुवारीत २८ दिवस, म्हणून उरलेले तीन दिवस मुकाट्याने पुढे सरकवले गेले. चूक झाल्याची कुठलीही सूचना नाही. घरभाडं, कर्जाचा हप्ता, वर्गणीची मुदत या तारखा काढणारा कोड नेमका इथेच फसतो.

(दृश्य : कन्सोलवर दुसरी ओळ)

इथे ऑगस्टसाठी ८ लिहिलं आणि सप्टेंबर आला, कारण या भाषेत जानेवारी म्हणजे शून्य. ही मोजणी मुळात सी भाषेतली. तिथे महिने ० ते ११ आणि वर्षं १९००पासून मोजलेली. सीकडून ती जावा या दुसऱ्या भाषेत आली, जावाकडून जावास्क्रिप्टमध्ये. महिरपी कंस आणि ओळीच्या शेवटचे अर्धविराम याच वाटेने आले.

मे १९९५मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. भाषा जावासारखी दिसायला हवी, असा वरून आग्रह होता. तारखेचा भाग, म्हणजे ‘डेट’, जावातून जवळपास जसाच्या तसा उचलला गेला. पुढे १९९७मध्ये खुद्द जावाने त्यातल्या बहुतेक सोयी कालबाह्य ठरवल्या. जावास्क्रिप्टला तेवढी मोकळीक नव्हती. तोवर जगभरातली पानं त्या ‘डेट’वर चालत होती.

(दृश्य : प्रस्तावांची लांबलचक यादी, माऊसने सावकाश खाली सरकवलेली)

या भाषेत पुढे काय येणार, हे टीसी-३९ नावाची समिती ठरवते. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांचे लोक तिच्यात असतात, बाहेरचे जाणकारही असतात. प्रत्येक प्रस्ताव टप्प्याटप्प्याने चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यापर्यंत जातो. इथे मतदान होत नाही, सर्वसहमती लागते. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा : आधीचं वेबपान मोडता कामा नये.

२०१८मध्ये ‘फ्लॅटन’ नावाची, यादीच्या आतल्या याद्या एकाच यादीत उलगडणारी एक साधी सोय येणार होती. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती आली आणि एका संकेतस्थळाचं पान बिघडलं. त्या पानावर मूटूल्स नावाची जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच होता आणि तिचं स्वतःचं ‘फ्लॅटन’ होतं. मग समितीने आपलंच नाव बदललं. भाषेत आलं ते ‘फ्लॅट’. कुणा एकाचं जुनं पान चालू राहावं म्हणून सगळ्या जगाने नाव बदलायचं, ही या भाषेची सर्वांत मोठी श्रीमंती आहे. तिच्या संथपणाला नावं ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

यादीतले सगळेच प्रस्ताव टिकत नाहीत. रेकॉर्ड आणि टपल हा, न बदलणाऱ्या माहितीचे दोन नवे प्रकार आणणारा प्रस्ताव २०२५मध्ये मागे घेतला गेला.

(दृश्य : पुन्हा कन्सोल. ‘टेम्पोरल’ हा शब्द टाइप होतो)

तारखेचा प्रश्न सोडवणाऱ्या प्रस्तावाचं नाव टेम्पोरल. तीच ३१ जानेवारी, त्यात एक महिना मिळवला. आता उत्तर २८ फेब्रुवारी. अशी तारीख चालवूनच घ्यायची नसेल, तर ‘नाकार’ असंही सांगता येतं. जानेवारी इथे १ आहे.

पुढची ओळ जास्त महत्त्वाची. जुन्या ‘डेट’ला नुसती तारीख कळत नाही, ती कायम एक क्षण धरते. १५ ऑगस्ट २०२५ असं प्रमाण पद्धतीने, म्हणजे 2025-08-15 असं लिहून दिलं, तर ती ग्रिनिचची मध्यरात्र मानते. मुंबईत तेव्हा सकाळचे साडेपाच असतात, न्यू जर्सीत १४ ऑगस्टच्या रात्रीचे आठ. म्हणजे मुंबईत भरलेली जन्मतारीख तिकडे एक दिवस अलीकडे दिसू शकते. टेम्पोरलमध्ये नुसत्या तारखेचा प्रकार वेगळा, घड्याळाच्या वेळेचा वेगळा आणि टाइमझोनसह क्षणाचा वेगळा.

टाइमझोनचं नावही बघा. २००१मध्ये शहर कोलकाता झालं, तरी क्रोमला आपला टाइमझोन विचारला की ‘एशिया कलकत्ता’ असं उत्तर येत राहिलं. टेम्पोरलमध्ये आपण ‘कोलकाता’ लिहिलं तर ते कोलकाताच राहतं, आणि दोन्ही नावं एकच टाइमझोन मानली जातात.

(दृश्य : पडद्यावर दिनदर्शिका बदलते)

भारत सरकारची शक दिनदर्शिकाही यात आहे. १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे २४ श्रावण १८६९. ही राष्ट्रीय दिनदर्शिका, पंचांगातली तिथी नव्हे.

मार्च २०२१मध्ये टेम्पोरल तिसऱ्या टप्प्यावर पोचलं. टाइमझोनसह वेळ लिहायची प्रमाण पद्धत आधी इंटरनेटच्या मानकांत यावी लागली, ती एप्रिल २०२४मध्ये आली. फायरफॉक्सने मे २०२५मध्ये टेम्पोरल सगळ्यांना दिलं. जुनी ‘डेट’ भाषेतून काढलेली नाही. ३ मार्च हे उत्तर मागणारा कोड कुठे असेलच, तर त्याला ते मिळत राहील.