प्लग काढले ते ठीक, पण कुठला कुठून काढला?

राम राम मंडळी! पंधरा दिवसांत जुन्या स्पार्क प्लगचे, म्हणजे इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी टाकतो त्याचे, इतके फोटो आलेत की घरी बोलणी बसतायत, तुमच्या फोनात पोरांपेक्षा प्लगचेच फोटो जास्ती म्हणे. प्रश्न सगळ्यांचा एकच, भो हा प्लग बघ अन सांग गाडीला काय झालं.

बेसिक पटकन उरकतो. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो, दर व्हिडिओखाली एक जण विचारतोच. इंजिन थंड पाहिजे, प्लगवरची कॉईल (ठिणगीला करंट देते ती) काढा, प्लगच्या खड्ड्यात हवा मारा कारण आपल्याकडे उन्हाळ्यात तिथं अर्धं वावर साचलेलं असतं अन प्लग काढला की ते सगळं सिलिंडरमध्ये जातं. मग टोकाची चिनीमाती बघायची. फिकट तपकिरी नाहीतर राखाडी असेल तर झकास. कोरडी काजळी, बोटाला लागणारी, म्हणजे पेट्रोल जास्ती जातंय, एअर फिल्टर चोक असेल किंवा गाडी नुसती घर ते बाजार फिरते. काळं पण तेलकट ओलं म्हणजे ऑइल आत येतंय, व्हॉल्व्ह सील नाहीतर पिस्टनच्या रिंगा गेल्या. पांढरं फटक अन वर बारीक फोड म्हणजे प्लग जास्ती तापतोय. झालं, एवढंच.

आता ज्याच्यासाठी कॅमेरा लावला ते. तुम्ही चारही प्लग काढता अन एका डब्यात टाकता. का टाकता भो? फोटोत चार प्लग, तीन बरे, एक तेलकट, मी विचारतो हा कितव्या नंबरचा, समोरून उत्तर येतं, ते नाही पाहिलं भाऊ.

अहो, प्लगच्या रंगाइतकाच त्याचा नंबर, म्हणजे तो कितव्या सिलिंडरचा, हे महत्त्वाचं आहे. चारही सारखे काळे असतील तर कारण चौघांचं मिळून असतं, एअर फिल्टर, सेन्सर, असलं काहीतरी. एकच वेगळा असेल तर लफडं त्या एकाच सिलिंडरचं, त्याची कॉईल, त्याचा इंजेक्टर (पेट्रोल फवारतो तो), त्याचा सील. डब्यात टाकलं की एक खराब आहे एवढं कळतं, कुठला ते गेलं.

माझंच सांगतो. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच पेटेना. वडील शेजारी बसलेले, दर वळणावर, काय व्हयनं रे, काय व्हयनं. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवर नेली, पोऱ्याने चारही प्लग काढून डालड्याच्या जुन्या डब्यात खणखण टाकले. एक तेलाने माखलेला. कुठला होता रे? तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. नवा सेट टाकला, महिनाभर गाडी लोण्यासारखी, मग परत तेच. तेव्हा मी स्वतः नंबर घालून काढले तर तीन नंबर तेलकट, सील गेलेला. पहिल्याच दिवशी कळलं असतं. चार प्लगचे पैसे गेले ते गेले, वर महिनाभर वडिलांचे टोमणे.

म्हणून अंड्यांचा ट्रे घ्या नाहीतर पुठ्ठ्याला चार भोकं पाडा, 1, 2, 3, 4 लिहा. आडव्या बसवलेल्या इंजिनात एक नंबर बहुतेक वेळा बेल्टच्या बाजूचा, गिअरबॉक्सकडचा नाही. ते पण नको असेल तर डावीकडून पहिला असं लिहा, मला चालेल. फक्त डबा नको!

एका भाऊंनी तर कहर केला. प्लगला पॉलिश पेपर मारून चकचकीत केला अन मग फोटो पाठवला, बघा बरं काय प्रॉब्लेम. दादा, पुरावाच घासून टाकला, मी काय बघू? अन इरिडियम धातूचं टोक असलेल्या प्लगला तर पेपर, तारेचा ब्रश लावूच नका, त्याचं टोक सुईसारखं बारीक असतं.

रावेरकडून एक ताई विचारतात, आमच्याकडे ऊन 45 च्या पुढे जातं, म्हणून प्लग पांढरा पडला का? नाही ताई. प्लगचं नाक, म्हणजे तीच टोकाची चिनीमाती, साधारण 450 डिग्रीच्या वर गेलं तरच स्वतःवरची काजळी जाळतं, त्याला आपल्या मे महिन्याचं काय कौतुक. गाडी सीएनजीवर असेल तर प्लग पेट्रोलपेक्षा पांढुरकाच दिसतो, गॅस स्वच्छ जळतो. फोड आहेत का अन ठिणगी पडते त्या इलेक्ट्रोडची धार गोल झालीय का ते बघा. सीएनजीला ठिणगीसाठी व्होल्टेज जास्ती लागतं, इलेक्ट्रोडमधला गॅप वाढला की आधी तिथंच मिसिंग येतं.

अन हो, गाडी अंगणात पाच मिनिटं घुरघुरत ठेवून प्लग काढला तर तो काळा दिसणारच. जळगाव ते भुसावळ एक चक्कर मारा, इंजिन थंड होऊ द्या, मग काढा.

परत लावताना प्लग आधी हातानेच फिरवायचा, पाना शेवटी. प्लग बसतो त्या इंजिनच्या हेडच्या आट्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, वाकडा गेला तर त्याच खराब होतात. कमेंटमध्ये फोटो टाका, न घासलेले, अन प्रत्येकाखाली नंबर. नंबर नसेल तर मी फक्त अंगठा दाखवणार, अन तो खालचा.