छंदाच्या रकान्यात काय लिहायचं?

नमस्कार श्रोतेहो. कापूस वेचता वेचता ऐकणाऱ्या मायबहिणींना नमस्कार, धानाच्या खळ्यावर बसलेल्या भावांना नमस्कार. आणि ज्यांच्या घरातला पोरगा किंवा पोरगी यंदा नोकरीचा अर्ज भरणार आहे, त्यांनी जरा रेडिओचा आवाज वाढवा, कारण आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे.

मी सव्वीस वर्षं तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवलं. कंपनीवाले मुलाखतीला यायचे त्याच्या आठवडाभर आधी पोरांचे बायोडाटे मी तपासायचो. त्या बायोडाटाच्या अगदी तळाशी एक रकाना असतो. छंद. तो लिहायचा की नाही, आणि लिहायचा तर काय लिहायचा, एवढंच आज सांगणार आहे.

एका सकाळी माझ्या टेबलावर तेहतीस बायोडाटे होते. त्यातल्या एकोणतीसांवर छंदाच्या पुढे एकच ओळ : वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट खेळणे. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. एका मुलीच्या कागदावर तर दुसऱ्याच कोणाच्या गावाचं नाव तसंच राहून गेलं होतं. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक फाइल असते. नाव बदलायचं, मार्क बदलायचे, फोटो चिकटवायचा, झालं. छंद मागच्या पोराचा पुढच्या पोराला.

त्याच फाइलमध्ये कधीकधी उंची, वर्ण, रास, मामेकुळही सापडतं. श्रोतेहो, तो लग्नाचा बायोडाटा. नोकरीच्या कागदावर त्यातलं काहीही नको. आणि विषय निघालाच आहे तर सांगतो, वर्ण लग्नाच्या बायोडाटातही नको. पोरगी गोरी की सावळी हे कागदावर छापून गावोगाव पाठवायचं, हे मला कधीच पटलं नाही. असो.

आता एक गोष्ट सांगतो. वैनगंगेकाठच्या एका गावचा पोरगा माझ्या वर्गात होता. नाव सांगत नाही, आता तो संसारी माणूस आहे. दिवाळी झाली की हा वर्गात पेंगायचा. मोटर वाइंडिंगचं प्रॅक्टिकल चालू, हातात कॉइल, आणि डोळे मिटलेले. दोनदा रागावलो. तिसऱ्यांदा व्हरांड्यात नेऊन विचारलं, तेव्हा म्हणाला, "सर, रातभर नाटक होतं. मी प्रॉम्प्टिंग करतो."

झाडीपट्टीतल्या श्रोत्यांना हे सांगायला नको. अकोला-बुलढाण्याकडून ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, या पट्ट्यात भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. मंडई म्हटली की घरोघरी पाहुणे, आणि रात्री नाटक. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. नाटक रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथून बुकिंग होतं. नट आज या गावात, उद्या त्या गावात. तालमीला वेळ कुठला? म्हणून विंगेत वही घेऊन बसलेला एक माणूस लागतो. तो प्रॉम्प्टर.

मुलाखतीची वेळ आली. या पोरानं बायोडाटात लिहून आणलं : झाडीपट्टी नाटकात प्रॉम्प्टर. मी लाल पेनानं त्यावर रेघ मारली. म्हटलं, "हे काढ. कंपनीवाले म्हणतील, पोरगा रात्रभर हिंडतो." त्यानं काढलं. आणि झेरॉक्सवाल्याच्या फाइलमधली तीच ओळ घातली. वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट खेळणे.

एका सिमेंट कारखान्याचे साहेब आले होते. मी कोपऱ्यात बसलो होतो. साहेबांनी कागद पाहिला आणि विचारलं, "वाचन लिहिलंय. शेवटचं काय वाचलं?"

पोरगा चूप. मला वाटलं, गेलं. मग तो म्हणाला, "सर, नाटकाची वही. परवा रात्री. पूर्ण."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे?"

"मी विंगेत बसून नटाले शब्द देतो, सर. पूर्ण वाक्य नाही द्यायचं, पहिले दोन शब्द. जोरात दिले तर पब्लिकले ऐकू जाते. उशिरा दिले तर नट अडकते."

"आणि नट एक पान सोडून पुढं गेला तर?"

"त्याले नाही थांबवत. पानं पलटवून मीच त्याच्या जाग्यावर जातो. सुटलेल्या पानात कामाची गोष्ट असली, म्हणजे चिठ्ठी कोणाच्या हाती पडली वगैरे, तर ती दुसऱ्या नटाच्या तोंडून आणतो."

"लाइट गेली तर?"

"टॉर्च असते खिशात. दोन सेल जास्तीचे. जनरेटर सुरू व्हायले वेळ लागते, पण नट तं बोलतच असते. वही दिसली पाहिजे."

"आणि झोप?"

"तिथं नाही येत, सर. मले झोप लागली तं तो नट साऱ्या गावापुढं उघडा पडते."

साहेबांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. त्यांना रात्रपाळीसाठी पोरं हवी होती. पॅनेलसमोर बसून मीटरवर नजर ठेवणारी, काही बिघडलं तर घाबरून न जाता पुढचं काम हाती घेणारी. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सर, हे बायोडाटात का नाही?"

मी काय उत्तर देणार? लाल पेन माझ्याच खिशात होतं.

पोराला अप्रेंटिस म्हणून घेतलं. पण साहेबांनी तो दुसरा प्रश्न विचारलाच नसता तर? "बरं, ठीक आहे" म्हणून पुढच्याला बोलावलं असतं तर? ही गोष्ट आठवली की आजही मला चुटपुट लागते. मी नाटकाला हलकं समजलो. २०२३ साली गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती याच झाडीपट्टी रंगभूमीच्या कामासाठी. तरी अजून कितीतरी शिकलेली माणसं या नाटकाचं नाव काढताना आवाज खाली करतात. आणि मंडईतलं नाटक बंद करून डीजे आणणाऱ्या मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे, तसं करू नका हो. त्या एका रात्रीवर किती घरांची चूल पेटते!

तर श्रोतेहो, पुन्हा सांगतो. छंद लिहायचा तर तुमचा स्वतःचा लिहा, आणि त्यात तुम्ही नेमकं काय करता ते लिहा. "भजनाची आवड" एवढ्यानं समोरच्याला काय कळणार? "गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवतो, मंडळाच्या वर्गणीचा हिशेब ठेवतो," असं लिहा. "शंकरपटाची आवड" असेल तर पटावर, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, तुमचं काम काय? घड्याळ लावून जोडीची वेळ नोंदवता? मग तेच लिहा. मुलींनो, "शिवणकाम" लिहून थांबू नका. किती घरांचे ब्लाऊज शिवता, माप कसं लिहून ठेवता, ते एका ओळीत येऊ द्या. एक ओळ. फार तर दोन.

लिहिण्याआधी घरातल्या कोणालाही समोर बसवा आणि त्या छंदाबद्दल पाच मिनिटं बोलून पाहा. बोलता आलं तर लिहा. दुसऱ्याच मिनिटाला गाडी अडली तर तो रकानाच काढून टाका. रकाना नसला म्हणून कोणी अर्ज फेकत नाही. कुठल्या पक्षाचं, कुठल्या पुढाऱ्याचं काम छंद म्हणून लिहू नका. आणि आठ-दहा वर्षं नोकरी झालेल्यांनी ती जागा कामाच्या अनुभवाला द्यावी.

सरकारी भरतीचं वेगळं आहे. तिथं बहुतेक वेळा गुण आणि कागदपत्रं चालतात, आवडनिवड सहसा कोणी विचारत नाही. पण खेळ असेल तर सांभाळा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते क्रीडा विभागाकडून पडताळून घ्यावं लागतं. गावच्या टुर्नामेंटची ढाल त्यात धरत नाहीत. कोणती स्पर्धा चालते, हे क्रीडा कार्यालयात जाऊन आधी विचारा आणि पडताळणी जाहिरात येण्याआधीच करून घ्या. पुन्हा सांगतो, जाहिरात येण्याआधी. मग धावपळ होते आणि तारीख निघून जाते.

आज रात्री जेवणं झाली की पोरांनी वहीचं एक कोरं पान घ्यावं. गेल्या वर्षभरात कोणी पैसे न देता, कोणी न सांगता आपण कशासाठी जागलो, ते तिथं आपल्या भाषेत लिहावं. उद्या झेरॉक्सच्या दुकानात ते पान सोबत न्या, आणि त्यावर आहे तसंच टाइप करायला सांगा. दुकानदार म्हणेल, "फाइल तयार आहे, नुसतं नाव बदलतो." त्याला नाही म्हणा.

नमस्कार.